छोट्या रीफ टँकमध्ये नायट्रेट उतरतच नाही आणि शेवाळ परत परत येतं: तपासायची सुरुवात कुठून करायची

हा प्रॉब्लेम मी इतक्या जणांच्या टँकमध्ये निस्तरलाय की समोरच्याने फोनवर "अहो पाणी तर दर आठवड्याला बदलतो" एवढं म्हटलं की पुढचं सगळं मला पाठ असतं. रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा, मासे आणि कोरल असलेला टँक. तो ४० ते १०० लिटरचा, दोन क्लाउन मासे, एखादी श्रिम्प, थोडे झोआ, थोडे मशरूम (दोन्ही मऊ कोरल), मागे फिल्टर घूं घूं चालू, आणि तरी दगडावर हिरवे केस. मग दुकानदार म्हणतो अजून मोठा फिल्टर घ्या, ते घेतात, आणि दोन महिन्यांनी शेवाळ होतं तिथेच.

आधी लक्षणं बघून घ्या. सगळी असायलाच हवीत असं नाही, दोन-तीन जुळली तरी पुढे वाचा.

- नायट्रेट ३०, ४०, ५० पीपीएमच्या (दहा लाखात इतके भाग) आसपास अडकलंय. पाणी बदललं की जरा उतरतं, आठवड्यात परत जागेवर.
- दगडावर हिरवे केस, उपटून काढले तरी परत तिथेच उगवतात.
- वाळूवर लालसर-जांभळी साय (सायनो) धरते, सकाळी पातळ वाटते, संध्याकाळपर्यंत परत जाड.
- काच दिवसाआड पुसावी लागते.
- झोआ अर्धवट मिटलेले, मशरूम आक्रसलेले, पण मासे एकदम ठणठणीत आणि खायला पुढे.
- टँकच्या मागे पांढरा कागद धरला तर पाणी किंचित पिवळट दिसतं.
- आणि फिल्टर "मस्त चालतोय".

दोन केसेसमध्ये मात्र ही पोस्ट तुमच्यासाठी नाही. एक म्हणजे टँक लावून तीन-चार महिनेसुद्धा झाले नसतील आणि तपकिरी पावडरीसारखा थर असेल तर ते डायटम (एक सूक्ष्म शेवाळ), ते येतात आणि जातात, हात लावू नका. दुसरी केस म्हणजे तपकिरी शेंबडासारखे धागे, त्यात बुडबुडे अडकलेले, आणि नायट्रेट-फॉस्फेट (शेवाळाची दोन खतं) दोन्ही शून्य. ते बहुतेक डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव), त्यावर खाली लिहिलेले उपाय केले तर उलट वाढतात, कारण त्यांना तसंच रिकामं पाणी आवडतं.

आता फिल्टर चालू असून हे होतं कसं. मासा खातो, त्यातून अमोनिया, अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, इथपर्यंत बॅक्टेरिया सगळं काम फुकटात करतात आणि इथेच थांबतात. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये झाडं असतात, ती थोडं ओढून घेतात. खाऱ्या पाण्यात नायट्रेटच्या पुढे जायचं तर दगडाच्या आत जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथले वेगळे बॅक्टेरिया लागतात, नाहीतर तुम्ही स्वतः ते उचलून बाहेर टाकायला लागतं. आणि बहुतेक फिल्टर घाण बाहेर टाकत नाहीत, फक्त एका जागी गोळा करतात. पाणी त्याच घाणीतून दिवसभर फिरत राहतं. म्हणजे केराची टोपली भरून ठेवायची ती पण स्वयंपाकघरात, आणि वर म्हणायचं घर साफ आहे. खालचं प्रत्येक चेक करताना एकच प्रश्न विचारायचा: यातून टँकच्या बाहेर नक्की काय जातंय?

१. टेस्ट किट (फुकट)

आधी आकडा खरा आहे का ते बघा. ज्या नायट्रेट किटमध्ये दोन बाटल्या असतात त्यातली दुसरी बाटली जोरात हलवावी लागते, सूचनापत्रात अर्धा मिनिट लिहिलेलं असतं, आणि लोक दोनदा हलवून थेंब टाकतात. त्यातली पावडर तळाशी बसते, मग आकडा कधी खोटा कमी येतो, कधी बाटली संपत आली की खोटा जास्त. एक्स्पायरी बघा. काही किट नायट्रेट दाखवतात, काही नायट्रेट-नायट्रोजन दाखवतात, दुसऱ्या प्रकारातला आकडा साधारण ४.४ ने गुणायचा. दोघं मित्र एकाच टँकचं पाणी तपासून ५ विरुद्ध २२ वर भांडताना मी बघितलेत, दोघंही बरोबर होते.

आणि शेवाळ भरपूर असून नायट्रेट शून्य येत असेल तर खुश होऊ नका, ते शेवाळच खाऊन बसलंय.

२. खाणं (हेही फुकट)

फ्रोझन मायसिसचा (बारीक श्रिम्पसारखं माशांचं खाणं) एक अख्खा क्यूब दोन क्लाउनना म्हणजे चार जणांच्या घरात लग्नाचं जेवण. पाव क्यूब पुरतो. क्यूब थेट टाकू नका, चहाच्या गाळणीत वितळवून आरओच्या पाण्याने धुवा आणि मग द्या, कारण त्या वितळलेल्या पाण्यातून फुकटचा फॉस्फेट आत जातो. पेलेट टाकत असाल तर मासे वर असतानाच संपतील तेवढेच. दोन आठवडे एवढंच करून बघा, बऱ्याच टँकमध्ये पुढच्या अर्ध्या गोष्टी लागतच नाहीत. घरात लहान मुलं किंवा आजोबा असतील तर डबा उंचावर ठेवा, प्रत्येकजण प्रेमाने "थोडंसं" टाकतो.

३. फ्लॉस आणि स्पंज

पांढरा फिल्टर फ्लॉस (कापसासारखा थर) ही या छंदातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. तो घाण पकडतो हे खरं, पण पकडलेली घाण तिथेच कुजते. तीन दिवसांनी, फार तर चार, काढून फेकायचा. धुवून परत नाही लावायचा, फेकायचा. तो बाहेर गेला की त्याच्यातलं सगळं बाहेर गेलं, हे खरं फिल्ट्रेशन.

स्पंज असेल तर दोनच पर्याय, दर पाणी बदलाला टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळून काढा नाहीतर काढूनच टाका. "बॅक्टेरिया मरतील म्हणून मी हात लावत नाही" हे वाक्य गोड्या पाण्यातून आलंय. रीफमध्ये बॅक्टेरियांचं मुख्य घर दगड आहे.

४. पाणी कुठलं घालताय

इथे निम्म्या केसेस सापडतात. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेलं किती आहे ते दाखवणारा) दोन-तीनशे रुपयांत मिळतो, नसेल तर आज मागवा. "आरओचं घालतो" म्हणणाऱ्यांना मी विचारतो किती टीडीएस, तर उत्तर नसतं.

आपल्याकडच्या घरगुती प्युरिफायरमध्ये बऱ्याचदा टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा स्क्रू असतो. पिण्याचं पाणी अगदी बेचव लागू नये म्हणून तो मेम्ब्रेनच्या पाण्यात थोडं मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणी मिसळतो. माणसाला बरं, कोरलला वाईट. डोंबिवलीतल्या एका टँकवर सगळे उपाय करून झाले होते, शेवटी किचनमधल्या नळाखाली मीटर धरला तर ८५. कंट्रोलरचा स्क्रू बंद केल्यावर १२, आणि पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार पकडणारे मणी) एक नळी जोडली तर शून्य. म्हणजे तोपर्यंत तो माणूस दर रविवारी शेवाळाला खतपाणी घालत होता. (स्क्रू फिरवायच्या आधी घरच्यांना सांगा, पाण्याची चव बदलली की बोलणी तुम्हालाच बसतात. खरंतर टँकसाठी वेगळी लाइन असलेली बरी.)

सोसायटीत टँकर येत असेल किंवा बोअरचं पाणी असेल तर जास्तच लक्ष द्या, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आकडा वेगळा येतो आणि मेम्ब्रेन लवकर बसते. टीडीएस मीटर नायट्रेट वेगळा दाखवत नाही, म्हणून मीठ मिसळून तयार केलेल्या नव्या पाण्याची पण एकदा नायट्रेट टेस्ट करा. तिथेच ५-१० आलं तर टँकला दोष देऊ नका.

आणि उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी साधं डीआयचं पाणी, खारं नाही. मीठ उडत नाही. पंख्याखालच्या उघड्या टँकमध्ये मे महिन्यात पाणी भराभर उडतं, लोक खाऱ्या पाण्याने भरत जातात आणि सॅलिनिटी (खारेपणा) ३५ पीपीटीवरून (हजारात इतके भाग) ४० ला कधी गेली कळत नाही, मग कोरल मिटतात आणि नाव नायट्रेटचं. रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं साधन) ३५ पीपीटीच्या सोल्युशनवर कॅलिब्रेट करा.

चौपाटीवरून कॅन भरून समुद्राचं पाणी आणायचा विचार असेल तर सोडा. मुंबईच्या किनाऱ्याला सांडपाणी येऊन मिळतं, आणि पावसाळ्यात त्यात गोडं पाणी इतकं मिसळतं की सॅलिनिटीचा भरवसा नाही.

५. पाणी बदलायचं गणित

हे कागदावर करा, पाच मिनिटं लागतात. समजा तुमच्या टँकमध्ये आठवड्याला नायट्रेट ५ पीपीएमने वाढतंय आणि तुम्ही १० टक्के पाणी बदलताय. आकडा चढत चढत ५० पर्यंत जाणार आणि तिथे थांबणार, कारण ५० चे १० टक्के म्हणजे ५, आलं तेवढंच गेलं. तुम्ही वर्षभर इमानदारीत १० टक्के बदलत राहिलात तरी ५० च राहणार. २० टक्के बदललं तर तोच आकडा २५ वर थांबतो. वाढ आठवड्याला २ वर आणली आणि २० टक्के ठेवलं तर १०. म्हणून "पाणी बदलून फरक पडत नाही" असं वाटतं ते अर्धंच खरं. फरक पडतो, पण येणारं कमी केल्याशिवाय तो दिसत नाही.

आणि ६० लिटरच्या टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण ५० लिटर असतं, टक्के त्याच्यावर काढा. एकदम ८०-९० टक्के पाणी बदलून टाकायचा मोह होतो, करू नका. जास्त नायट्रेटची सवय झालेले कोरल एका दिवसात झालेल्या बदलाने जास्त चिडतात.

६. घाण साठायच्या जागा

पाणी बदलायच्या आधी मोठ्या सिरिंजने, ५० मिलीची घ्या, सुई अर्थात नाही, दगडांच्या फटीत जोरात पाणी मारा. पहिल्यांदा केलंत तर असा चॉकलेटी धुरळा उडेल की वाटेल टँक बिघडवला. तोच सायफनने ओढायचा. नंतर वेव्हमेकरचं (टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप) तोंड असं वळवा की दगडांच्या मागे पण पाणी हलेल. सायनोचा चट्टा नेहमी त्याच कोपऱ्यात येत असेल तर तिथे प्रवाह पोचत नाही.

वाळू जुनी आणि जाड असेल तर एकदम खोलवर ढवळू नका. खालच्या काळ्या थरात हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो तो, आणि छोट्या टँकमध्ये तो माशांना झेपत नाही. दर वेळी एक चतुर्थांश वाळू, वरवरची.

७. सिरॅमिक रिंग, बायो बॉल आणि कॅनिस्टर

यावरच सगळ्यात जास्त वाद होतात. रिंग म्हणजे बॅक्टेरियांना बसायला दिलेले सच्छिद्र तुकडे. रिंग वाईट नाहीत, न धुतलेल्या रिंग वाईट. मागच्या बाजूला तीन कप्पे असलेले जे टँक मिळतात त्यात मधला कप्पा कंपनीच रिंगने भरून देते. वर्षभराने तो कप्पा उपसला की रिंगवर बोटाने पुसता येईल असा गाळाचा लेप असतो, तळाशी दोन बोटं चिखल, आणि त्यात सापडतात महिन्यापूर्वी हरवलेल्या श्रिम्पची सालं. हे सगळं रोज त्या पाण्यात विरघळतंय.

दगड पुरेसा आणि सच्छिद्र असेल, मासे दोन-तीनच असतील तर रिंगची गरजच नाही. पण एका दिवसात सगळ्या काढायच्या नाहीत. आठवड्याला एक चतुर्थांश काढा, प्रत्येक वेळी दोन दिवसांनी अमोनिया बघा, शून्य असेल तरच पुढचा भाग. रिकाम्या झालेल्या कप्प्यात फ्लॉस आणि कार्बनची छोटी पिशवी. कार्बन पाण्याचा पिवळेपणा घालवतो, नायट्रेट नाही, आणि महिन्याने बदलायचा.

बाहेरचा कॅनिस्टर (बंद डब्यातला फिल्टर) असेल तर तो दोन आठवड्यांतून एकदा उघडून धुवायची तयारी हवी. तीन-चार महिन्यांनी उघडणार असाल तर छोट्या रीफला तो नकोच. दुसरी गोष्ट, लाइट गेली की बंद डब्यातलं पाणी थांबतं, आतले बॅक्टेरिया उरलासुरला ऑक्सिजन संपवतात आणि काही तासांत आतलं कुजायला लागतं. लाइट आली की तो आपोआप सुरू होतो आणि ते सगळं टँकमध्ये ओततो. जिथे लोडशेडिंग आहे तिथे कॅनिस्टर आधी उघडून, वास घेऊन, आतलं पाणी फेकून मगच चालू करायचा. इन्व्हर्टरवर काही लावायचंच असेल तर आधी वेव्हमेकर लावा.

८. स्किमर आहे पण काही काढत नाही

स्किमर ही बुडबुड्यांच्या फेसातून घाण कुजायच्या आधीच वरच्या कपात बाहेर काढणारी वस्तू, म्हणून माझं मत त्याच्या बाजूने. पण कप कोरडा असेल तर तो फक्त बुडबुड्यांचा दिवा आहे. कपाच्या गळ्याला आतून तेलकट थर बसतो, त्यावर फेस चढत नाही, दर तीन-चार दिवसांनी पुसा, एवढ्यानेच बहुतेक स्किमर परत चालू होतात. मग हवेची नळी, तिच्या टोकाला मीठ धरतं, कोमट पाणी ओढून मोकळी करा. पंप वर्षातून दोनदा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात चालवा. स्किमर ज्या कप्प्यात आहे तिथली पाण्याची पातळी रोज खालीवर होत असेल तर तो कधीच सेट होणार नाही. हाताला क्रीम किंवा तेल असताना टँकमध्ये हात घातला तर फेस काही तास बसतो, तो बिघाड नाही.

६० लिटरच्या खाली स्किमर नसला तरी चालतं, पाणी बदल आणि फ्लॉस नेमाने होत असेल तर. १०० च्या आसपास असेल तर मी पहिला खर्च त्यावरच करीन, मोठ्या फिल्टरवर नाही.

९. फॉस्फेट दगडातून येतोय

वरचं सगळं झालं, नायट्रेट उतरलं, आणि फॉस्फेट मात्र जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) लावला की उतरतो, काढला की चार दिवसांत परत. याचा अर्थ दगडाने इतके महिने तो शोषून ठेवलाय आणि आता पाण्यात सोडतोय. इथे चिकाटी लागते, दुसरं काही नाही. जीएफओ पाकिटावर लिहिल्याच्या निम्म्याने सुरू करा, कारण फॉस्फेट झपकन पडला तर कोरलची कातडी सुटते. लक्ष्य शून्य नाही. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास आला की थांबायचं, त्याच्या खाली ढकलत गेलात तर वर सांगितलेले डायनो वाट बघतच असतात.

याला कंटाळून लोक दगड बदलायला निघतात. बदलायचाच तर ड्राय रॉक किंवा सिरॅमिक रॉक घ्या. मालवणच्या किनाऱ्यावरून "असाच पडलेला" कोरलचा दगड उचलून आणू नका. हार्ड कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत.

१०. कीटो

जागा असेल, मागच्या कप्प्यात का होईना, तर कीटोचा (मुद्दाम वाढवायचं, धाग्यांच्या गुंत्यासारखं समुद्री शेवाळ, ते नायट्रेट ओढून घेतं) मुठीएवढा गोळा आणि त्यावर छोटा एलईडी. दिवा रात्री लावा, मुख्य लाइट बंद असताना, म्हणजे रात्री पीएच पडतो तो पण जरा सावरतो. वाढलेला कीटो दर पंधरा दिवसांनी अर्धा काढून फेकायचा. बरेचजण तो वाढतोय म्हणून आनंदाने फोटो काढतात आणि काढत नाहीत, मग आतला भाग मरतो आणि सगळं पाण्यात परत.

शेवाळ मारायची केमिकलची बाटली मी यादीत मुद्दाम घेतली नाही. एका रात्रीत मेलेलं शेवाळ टँकमध्येच कुजतं, ऑक्सिजन खातं, आणि सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून. व्होडका-व्हिनेगरचं डोसिंग (नायट्रेट खाणारे बॅक्टेरिया वाढवायला ते थेंब थेंब टाकणं) पण स्किमर नसलेल्या छोट्या टँकमध्ये अजिबात नाही.

कुठे थांबायचं

पाण्यात हात घातल्यावर जराशीही झिणझिण जाणवली तर टँकला हात न लावता मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. बहुतेक वेळा तडकलेला हीटर किंवा पंपाची सोललेली वायर असते, पण ते खाऱ्या पाण्यात हात घालून शोधायचं नाही. अर्थिंग आहे का आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी आहे का ते पण त्याच्याकडून बघून घ्या.

काचेच्या जोडातून पाणी झिरपत असेल तर बाहेरून सिलिकॉन फासून भागत नाही, टँक रिकामा करून काचवाल्याकडेच.

अमोनिया दिसतोय आणि दोनदा पाणी बदलूनही जात नाही, किंवा मासे धापा टाकतायत, अंगावर बारीक पिवळसर पावडर दिसतेय, तर फिल्टरशी खेळणं बंद करा आणि खाऱ्या पाण्याचं काम करणाऱ्या माणसाला किंवा माशांचं कळणाऱ्या व्हेटला गाठा, कोपऱ्यावरच्या गोल्डफिशच्या दुकानाला नाही.

आणि झोआ असलेला दगड कधीही घासायचा नाही, उकळायचा तर अजिबातच नाही. काही झोआ-पॅलिथोआमध्ये पॅलीटॉक्सिन असतं आणि त्याची वाफसुद्धा माणसाला हॉस्पिटलात पोचवते. ग्लव्ह्ज आणि चष्मा घालून काम करा. डोळ्यात पाणी उडालं तर भरपूर साध्या पाण्याने धुवून लगेच डॉक्टर. दगड हाताळल्यावर तोंडात धातूची चव, ताप, छातीत जड वाटणं असं काही झालं तर घरातल्या सगळ्यांनी त्या खोलीतून बाहेर पडा, सरळ हॉस्पिटलात जा, आणि तिथे "पॅलीटॉक्सिन" हा शब्द स्वतः सांगा, कागदावर लिहून द्या, कारण तिथे बऱ्याच जणांनी तो ऐकलेला नसतो.